कामिगावाची दोन नशिबे: कार्डांच्या खेळातले काही संच का गाजतात, काही का पडतात

ऑक्टोबर २००४ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळात कामिगावा नावाचे एक नवे जग आले. जपानी दंतकथा, ‘कामी’ नावाची दैवते, त्यांचे माणसांशी पेटलेले युद्ध, सामुराई, माणसांसारखे वावरणारे साप आणि उंदीर असा सगळा सरंजाम त्यात होता. पुढच्या आठ महिन्यांत त्याचे आणखी दोन भाग निघाले, आणि ते सगळे मिळून इतके थंडे पडले की खेळाचे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर पुढची अनेक वर्षे, आपण कामिगावाला परत जाण्याची शक्यता फारच कमी आहे, असे सांगत राहिले. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘कामिगावा: निऑन डायनेस्टी’ हा संच आला. जग तेच, दैवतेही तीच, फक्त काळ बाराशे वर्षे पुढचा. आणि हा संच अलीकडच्या सर्वांत लाडक्या संचांपैकी एक ठरला. एकाच विषयाची अशी दोन टोकांची नशिबे का निघाली, हे नीट पाहिले तर कार्डांचे विषयाधारित संच कशावर तरतात आणि कशावर बुडतात याचा बराचसा उलगडा होतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे भाग आहे. मॅजिक हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला. दोन खेळाडू जादूगार असतात, प्रत्येकाकडे स्वतः निवडून बांधलेली कार्डांची गड्डी असते, आणि त्या गड्डीतली प्राणी, मंत्र, शस्त्रे यांची कार्डे टाकून समोरच्याला हरवायचे असते. नेहमीच्या बावन्न पत्त्यांपेक्षा येथे मोठा फरक असा की कार्डांचा साठा कधीच पूर्ण होत नाही. दरवर्षी नवे संच निघतात, प्रत्येक संचाचा एक विषय असतो आणि त्याची कार्डे बंद पाकिटातून विकली जातात. च्युइंगमबरोबर निघणारी क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी लहानपणी जमवली आहेत, त्यांना बंद पाकिटाची ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता मुख्य मुद्दा. संचाचा विषय चित्रांत आणि नावांत असतो, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो दोन ठिकाणी ठरतो. सर्वसाधारण पाकीट फोडल्यावर हातात काय येते, हे पहिले ठिकाण. आणि ती कार्डे खेळताना हात, डोके आणि जीव काय करतात, हे दुसरे. पहिल्या कामिगावाने या दोन्ही ठिकाणी मार खाल्ला, आणि तोही आळशीपणामुळे नव्हे. त्या मंडळींनी अभ्यास भरपूर केला होता. माझ्या मते अभ्यासच थोडा अंगाशी आला.

पहिली अडचण ओळखीची. ‘जपानी जग’ असे शब्द ऐकल्यावर अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या खेळाडूच्या डोळ्यांसमोर जे उभे राहते त्यात निन्जा अगदी पुढे असतो. पहिल्या संचात निन्जा नव्हतेच; ते फेब्रुवारी २००५ मधल्या दुसऱ्या भागात आले. त्याऐवजी पहिल्या संचाने शिंतो परंपरेतल्या असंख्य लहानमोठ्या दैवतांवर भर दिला, त्यांची चित्रे मुद्दाम विचित्र, कुठल्याच ओळखीच्या प्राण्यासारखी न दिसणारी काढली, आणि नावेही तोंडात न बसणारी ठेवली. ज्याला ती परंपरा ठाऊक आहे त्याला यातली बारकाई सुखावते, पण ज्याला ती ठाऊक नाही त्याला आपण कशाचा आनंद घ्यायचा हेच कळत नाही. विषयाधारित संच म्हणजे खेळाडूच्या मनात आधीपासून असलेल्या गोष्टीशी बांधलेले संधान असते. ती गोष्ट मनात नसेल तर कितीही प्रामाणिक काम कार्डावरच राहते.

दुसरी अडचण निव्वळ हिशेबाची आहे, आणि मला ती सर्वांत रंजक वाटते. त्या काळच्या पाकिटात १५ कार्डे असत: ११ कॉमन म्हणजे सहज मिळणारी, ३ अनकॉमन म्हणजे थोडी कमी मिळणारी आणि १ रेअर म्हणजे दुर्मीळ. पहिल्या कामिगावा संचात ११० कॉमन आणि ८८ रेअर कार्डे होती. समजा, एखाद्या विषयाची तुमच्याकडे २२ कार्डे आहेत. ती सगळी कॉमन केली, तर ११० पैकी २२ म्हणजे दर पाच कॉमन कार्डांमागे एक, म्हणून प्रत्येक पाकिटात त्या विषयाची सरासरी दोनाहून थोडी अधिक कार्डे निघतील. तीच २२ कार्डे रेअर केली, तर ८८ पैकी २२ म्हणजे चार पाकिटे फोडल्यावर एकदा त्या विषयाचे दर्शन होईल. छापील यादीत दोन्हीकडे आकडा २२ च दिसतो. गिऱ्हाइकाच्या अनुभवात मात्र जवळजवळ नऊपटीचा फरक पडतो. यादीतल्या संख्येपेक्षा पाकिटातली सरासरी पाहावी, हा हिशेब मॅजिकचे रचनाकार आज डोळ्यांत तेल घालून करतात, आणि जो विषय कॉमन कार्डांत नाही तो तुमच्या संचाचा विषयच नव्हे, हे रोझवॉटर यांचे सांगणे खेळाडूंमध्येही परिचयाचे आहे.

पहिल्या कामिगावाचा एक गाजावाजा केलेला विषय होता दंतकथांतले वीर, म्हणजे ज्यांना खेळात ‘लेजंडरी’ म्हणतात ती कार्डे. त्या संचातले रेअर दर्जाचे प्राणी असे वीर होते. आकडा भरघोस होता, पण ती जवळपास सगळी वरच्या दर्जांत असल्याने सामान्य पाकिटात त्यांची गर्दी जाणवेना. भरीला याच संचाबरोबर वीरांचा नियम बदलला: एकाच नावाचे दोन वीर टेबलावर आले की दोघेही बाद. त्यामुळे आपल्या आवडत्या वीराचे दुसरे कार्ड हातात आले की आनंदाऐवजी पंचाईत होई. ज्या गोष्टीचा उत्सव मांडला तिलाच नियमांनी जाच केला, असे हे दृश्य होते.

तिसरी अडचण समजायला किंचित अवघड आहे, म्हणून सावकाश घेऊ. या जगात ‘आर्केन’ नावाचा मंत्रांचा एक नवा प्रकार आणला गेला आणि त्याला जोडून ‘स्प्लाइस’ नावाचा नियम: तुमच्या हातात असे एक कार्ड असेल, तर दुसरा आर्केन मंत्र टाकताना ते नुसते दाखवून, ठरलेला खर्च देऊन, त्याचा परिणाम त्या मंत्राला चिकटवायचा, कार्ड हातातच राहते, पुन्हा वापरता येते. कल्पना सुरेख आहे. पण आर्केन मंत्र होते फक्त या तीन संचांत. ज्या खेळाडूकडे आधीच्या दहा-अकरा वर्षांची कार्डे होती त्याला त्यांतले एकही येथे उपयोगी नव्हते, आणि पुढे येणाऱ्या संचांतलेही होणार नव्हते. रचनाकारांच्या बोलीत अशा नियमाला ‘परजीवी’ म्हणतात. मला जत्रेतली कुपने आठवतात: आत पाळण्याला, नेमबाजीला, सगळीकडे चालतात, पण कमानीबाहेर पाऊल टाकले की तो रंगीत कागद. जत्रा छोटी असेल, दुकाने मोजकी असतील, तर कुपने घेताना माणूस दहादा विचार करतो. कामिगावात नेमके तेच झाले, कारण ‘दैवत किंवा आर्केन मंत्र टाकला की अमुक घडेल’ अशी वाक्ये कितीतरी कार्डांवर होती आणि ती सगळी एकमेकांच्याच तोंडाकडे पाहत बसलेली होती.

वेळही वाईट होती. त्याच्या आधीचा संच ‘मिरॉडिन’ हा धातूचे जग, यंत्रे आणि शस्त्रे यांचा होता आणि त्याची ताकद हाताबाहेर गेली होती. त्या परिवारातले ‘स्कलक्लॅम्प’ जून २००४ मध्ये आणि आणखी आठ कार्डे मार्च २००५ मध्ये मुख्य स्पर्धाप्रकारातून बाद करावी लागली. मधल्या काळात ज्यांच्या गड्ड्या स्पर्धेत या यंत्रांकडून मार खात होत्या, त्यांना कामिगावाची मवाळ कार्डे फिकी वाटली यात नवल नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कामिगावात दमदार कार्डे अजिबात नव्हती असे नाही. ‘उमेझावाज जिट्टे’ आणि ‘सेन्सेज डिव्हायनिंग टॉप’ ही दोन कार्डे तर खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत प्रभावी कार्डांत मोजली जातात. त्यांना मागणी राहिली, पण संच सावरला नाही. चार मातब्बर कार्डांवर एखादा संच ओळखला जाऊ शकतो. तरत मात्र नाही.

हे सगळे नियमांचे झाले. नुसत्या कथेवर संच तरतो का, याचे उत्तर १९९५ मधल्या ‘होमलँड्स’ने आधीच देऊन ठेवले होते. त्याची कथा भरगच्च होती, पात्रे ठसठशीत होती आणि कार्डे इतकी दुबळी होती की आजही सर्वांत वाईट संच कोणता या वादात पहिले नाव त्याचे निघते. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्कला खेळाची पहिली मोठी व्यावसायिक स्पर्धा झाली तेव्हा प्रत्येक मान्य संचातली किमान पाच कार्डे गड्डीत असलीच पाहिजेत असा नियम होता. ती सक्ती नसती तर होमलँड्सची किती कार्डे त्या टेबलांवर दिसली असती, याचा अंदाज वाचकानेच करावा.

विषय हाताला जाणवणे म्हणजे काय, हे पाहायचे तर सप्टेंबर २०११ मध्ये आलेला ‘इनिस्ट्राड’ हा संच घ्यावा. धुके, जुनी चर्चे, पिशाच्चे, लांडगे होणारी माणसे असे ते भयकथांचे जग. त्यातले ‘व्हिलेज आयर्नस्मिथ’ हे अगदी साधे कॉमन कार्ड समोर धरू. पुढच्या बाजूला गावचा लोहार आहे, ताकद एक, जीव एक. कार्डाच्या मागे मात्र नेहमीची तपकिरी पाठ नाही. तेथे त्याच लोहाराचे लांडगारूप छापलेले आहे आणि ताकद तीन झाली आहे. तो पालटतो केव्हा? एखाद्या पाळीत कोणीच काही मंत्र टाकला नाही, म्हणजे सारे सामसूम राहिले, की पुढच्या पाळीच्या सुरुवातीला कार्ड उलटायचे. मग कोणी एकाने एकाच पाळीत दोन मंत्र टाकले, गलका केला, की तो पुन्हा माणूस.

या नियमात ‘रात्र’ हा शब्द कोठेही नाही. पण टेबलावर काय घडते ते पाहा. समोरच्याकडे लोहार आहे, तुमच्या हातात एकच स्वस्त मंत्र उरलेला आहे, तो आता वापरणे तसे मूर्खपणाचे आहे. तरीही तुम्ही तो टाकता, कारण शांतता झाली तर तो लांडगा होईल. गावातली माणसे अंधार पडायला लागल्यावर उगाच मोठ्याने बोलतात, दिवे लावतात, तसे तुम्ही वागू लागता. भीती चित्रात नाही, तुमच्या खेळीत आलेली आहे. शिवाय अशी दुहेरी तोंडाची कार्डे प्रत्येक पाकिटात एक याप्रमाणे घातलेली होती, त्यामुळे वर सांगितलेला सरासरीचा हिशेब आपोआप जुळला: इनिस्ट्राडचे पाकीट फोडले आणि काहीच पालटणारे निघाले नाही, असे होणेच शक्य नव्हते. आणि हे लोहार-लांडगे कोणत्याही लाल रंगाच्या गड्डीत, कोणत्याही वर्षीच्या कार्डांबरोबर सुखाने नांदत. खेळ पुढे २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये या जगात परतला, यावरून त्याचे वजन कळावे.

गंमत अशी की एकाच कार्डाने दोन रूपे घ्यावीत ही कल्पना पहिल्या कामिगावातही होती. तेथे दोन्ही रूपे एकाच बाजूला, एक सुलटे आणि एक उलटे छापले होते. चित्र मधल्या पट्टीत कोंबलेले, अक्षरे बारीक, आणि कार्ड उलटे ठेवले आहे की सुलटे हे समोर बसलेल्याला पटकन उमगत नसे.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण सप्टेंबर २०१६ मधल्या ‘कलादेश’चे. भारतीय रंग, नक्षी, वेशभूषा आणि यंत्रशास्त्र यांच्या मेळातून उभे केलेले हे जग. घिरापूर नावाची त्याची महानगरी. आणि रश्मी, ओविया अशी नावे असलेली पात्रे. ओविया पशिरी हे नाव पहिल्यांदा वाचताना मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ते असेल असे अर्थातच नाही. जगाचे नाव आपण ‘कला’ असे वाचतो, पण रोमन लिपीत हिंदीतला ‘काला’ म्हणजे काळा हाही तसाच लिहिला जातो, आणि मग अर्थ भलतीकडे जातो. फेब्रुवारी २०२५ मधल्या ‘ईथरड्रिफ्ट’ संचात हे जग पुन्हा दिसले तेव्हा त्याचे नाव ‘आविष्कार’ झालेले होते.

रचनेच्या अभ्यासासाठी कलादेश मोलाचा आहे, कारण त्यात एकाच छपराखाली दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे नियम नांदत होते. एक ‘ऊर्जा’: काही कार्डे ऊर्जेचे गुण देत, काही ते खर्च करीत. हीदेखील जत्रेतली कुपनेच, कारण त्या वेळी ऊर्जा कलादेश आणि त्याच्या पाठोपाठच्या संचाबाहेर कोठेच नव्हती. तरी ती आर्केन मंत्रांसारखी पडली नाही. जत्रा पुरेशी मोठी होती, कॉमन कार्डांतही ऊर्जा मुबलक होती आणि साठवण-खर्चाचा खेळ मनाला पटणारा होता. उलट ती इतकी जोरकस झाली की बंदीची रांग लागली. ‘ईथरवर्क्स मार्व्हल’ जून २०१७ मध्ये बाद झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये ‘अट्यून विथ ईथर’ हे एक साधे कॉमन कार्डसुद्धा. बंद नियमाचा हा दुसरा धोका आहे: त्याची कार्डे एकमेकांनाच मदत करतात, त्यामुळे थोडी दुबळी निघाली तर सगळी पडून राहतात आणि थोडी जड निघाली तर त्यांच्याशिवाय दुसरे काही दिसत नाही.

दुसरा नियम होता ‘वाहने’. वाहन हे नुसते यंत्र; तुमच्या कोणत्याही प्राण्याला त्यात बसवले की ते लढते. ‘कोणत्याही’ या शब्दात सगळे आले. दहा वर्षांपूर्वीचा एखादा राक्षस असो की पुढच्या वर्षी येणारा ससा, तो चालक होऊ शकतो. वाहनांतले ‘स्मगलर्स कॉप्टर’ हे कार्डही जास्त ताकदवान निघाले आणि जानेवारी २०१७ मध्ये बाद झाले, पण तो एका कार्डाचा प्रमाद होता. नियम टिकला, पुढच्या कितीतरी संचांत आला, आणि आज वाहने मॅजिकच्या नेहमीच्या सामानात गणली जातात. ऊर्जेला मात्र परत यायला २०२४ उजाडावे लागले.

अलीकडे दुसऱ्यांच्या जगांवर संच काढण्याची चाल पडली आहे आणि तीत पैसा अफाट आहे. मॅजिकची मालकी ज्या ‘हॅस्ब्रो’कडे आहे त्या कंपनीच्या म्हणण्यानुसार जून २०२५ मधल्या ‘फायनल फँटसी’ संचाने एका दिवसात २० कोटी डॉलरची विक्री केली; २०२३ मधल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ संचाला तेवढ्यासाठी सहा महिने लागले होते. ओळखीचा प्रश्न येथे आधीच सुटलेला असतो, कारण गिऱ्हाईक पात्रांवर प्रेम करीतच दुकानात येते. पण उसनी ओळख सगळे झाकून नेत नाही. सप्टेंबर २०२५ मधला ‘स्पायडर-मॅन’ संच मुळात छोटा म्हणून आखलेला होता आणि नंतर तो पूर्ण आकाराचा करण्यात आला. एकाच नायकाची इतकी रूपे आणि त्यांच्याभोवतीचे एकच शहर एवढ्यावर मोठा संच ताणताना विषय विरळ होतो, अशी टीका त्यावर खेळाडूंनी भरपूर केली. स्वतःच्या जगांतही असे झाले आहे. २०२४ मध्ये लागोपाठ एक संच गुप्तहेरकथेचा आणि एक काउबॉयपटांचा निघाला, तेव्हा ओळखीच्या पात्रांना नव्या टोप्या घातल्या म्हणून जग नवे होत नाही, असे म्हणत लोकांनी त्यांना ‘टोपीवाले संच’ म्हणूनच हिणवले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या ‘ब्लूमबरो’ने उंदीर, ससे, बेडूक, पाणमांजरे यांचे एक चिमुकले जग उभे केले, ज्यात माणूस औषधालाही नव्हता, प्रत्येक जातीच्या प्राण्यांना खेळण्याची स्वतःची रीत दिली होती आणि ती कॉमन कार्डांतच भेटत होती. त्याचे स्वागत कसे झाले असेल हे वरचे सगळे वाचल्यावर सांगायला नको.

गाजणे कशाला म्हणायचे, हाही प्रश्न आहेच. ऑक्टोबर २००६ मधला ‘टाइम स्पायरल’ जुन्या खेळाडूंसाठी आठवणींची मेजवानी होती. स्पर्धांना गर्दी झाली आणि विक्री मात्र घटली, असे स्वतः रोझवॉटर यांनी सांगितले आहे. पन्नास जुन्या कार्डांची आठवण असल्याशिवाय ज्यातला विनोद कळत नाही, तो संच नवख्याने का घ्यावा?

आता पुन्हा २०२२ मधल्या कामिगावाकडे. निऑन डायनेस्टीत झगमगते मनोरे आहेत, यंत्रदेहधारी सामुराई आहेत आणि निन्जा पहिल्या पाकिटापासून आहेत. दैवते अजून आहेत, पण परंपरा आणि नवे तंत्र यांच्यातला ताण हा मुख्य विषय झालेला आहे, आणि तो जपानबाहेरच्या खेळाडूलाही चित्रपट आणि ॲनिमे पाहून आधीपासून माहीत आहे. आर्केन मंत्रांच्या जागी ‘मॉडिफाइड’ नावाचा नियम आला: ज्या प्राण्यावर शस्त्र, तुमचा मंत्रलेप म्हणजे त्याला चिकटवलेला मंत्र, किंवा कसलीही वाढीव खूण आहे तो सुधारित समजायचा. असे मंत्रलेप आणि खुणा खेळात पहिल्यापासून आहेत, शस्त्रे २००३ पासून, म्हणजे कमानीच्या बाहेरचे सगळे पैसे या जत्रेत चालतात. जुन्या कथा ‘सागा’ म्हणून कार्डांवर उलगडतात, आणि कथा संपली की कार्ड उलटून तिच्यातले पात्र जिवंत होते. त्यासाठी इनिस्ट्राडची दोन बाजू छापण्याची युक्ती कामी आली, आणि अशा सागा कॉमन दर्जातही ठेवल्या गेल्या.

त्यांतलीच एक रेअर सागा ‘फेबल ऑफ द मिरर-ब्रेकर’. तिच्या मागच्या बाजूला ज्याचे प्रतिबिंब उमटते तो किकी-जिकी नावाचा गॉब्लिन २००४ च्या त्या पडलेल्या संचातला एक वीर आहे. मे २०२३ मध्ये मुख्य स्पर्धाप्रकारातून तीन कार्डे बाद झाली, कारण जिकडेतिकडे तीच दिसू लागली होती. ही सागा त्यांतली एक. दुसरे ‘रेकनर बँकबस्टर’, जे कलादेशच्या नियमाने चालणारे वाहन आहे. तिसरे ‘इन्व्होक डिस्पेअर’. तिन्ही कार्डे निऑन डायनेस्टीतली होती.